ठुशीचा गोंडा

कुमुदताईंनी सुनेच्या खोलीचा पडदा खसकन ओढला. "ऊठ शाल्मली! तुझा मोबाइल म्हणतो, थायरॉइड मंद नाही, उलट आज जोरात चाललाय. मग लोळतेस कसली?"

ठुश्या रक्त तपासून आपापल्या मालकिणीच्या मोबाइलवर कळवायला लागल्यापासून घराघरातलं दुःख तिथंच ठरायचं. गळ्यातल्या ठुशीने थायरॉइड मंद दाखवला तर गोळी, नाही तर नाटक.

"आई, मला जगावंसंच वाटत नाही हो," शाल्मली दोन गोधड्यांखालून पुटपुटली. बाहेर मे महिना तापला होता.

"आणि माझं काय? मोबाइल म्हणतो, माझा थायरॉइड मंदावलाय. म्हणे थंडी वाजेल, मन खचेल. कसली थंडी! महिनाभर गोळ्या घेतेय, तर घाम फुटतो, छातीत धडधडतं..."

त्यांची नजर गोधड्यांवर खिळली.

गोळ्या सुरू होण्याआधी, शाल्मलीच्या नणंदेच्या लग्नात दोघींनी आपापल्या ठुश्या काढून एकाच डब्यात ठेवल्या होत्या.

कुमुदताईंनी गळ्यामागचा गोंडा पुढे ओढून पाहिला. त्यांच्या ठुशीचा गोंडा लाल होता. हा हिरवा, शाल्मलीचा निघाला.

"शाल्मली," त्या म्हणाल्या, "तुझ्या गोळ्या मी खातेय गं."