अक्का करणं

"तारीख मागची लागेल ना, आबा?" मगनने कीबोर्डवरून मान वर न करता विचारलं. "मग अक्का करावं लागेल."

पितांबर बाकाच्या टोकावर बसला. धुळ्याच्या कोर्टाबाहेर टायपिंगवाल्यांची रांग होती. मगनचं टेबल कडेला, लिंबाखाली. मागची तारीख म्हटल्यावर फाटकापाशी दोघांनी मगनकडेच बोट दाखवलं होतं.

पितांबरची पोरगी संघमित्रा. तिला शिरपूरला नर्सिंगला जागा लागली होती. बापाचं प्रतिज्ञापत्र मुदतीत द्यायचं होतं आणि मुदत संपली त्याच दिवशी तिची आई गेली. कागद कुणाच्या डोक्यात राहणार? आता कॉलेजवाले म्हणत होते, मुदतीच्या आतला कागद असेल तर अजून घेऊ, नाहीतर जागा दुसरीला देऊ.

शेवटी शेवटी बायकोची बोटं गोधडीवर सारखी आपटायची. पोरीला वाटायचं, तापाने थरथरतात.

"अक्का करणं म्हणजे काय?" पितांबरने विचारलं.

मगन हसला. धाकट्या कागदाला थोरलं करायचं, म्हणून अक्का, असं नवीन पोरं समजतात. नथ्थू चहावाल्याने सकाळचा चहा दुपारी गरम करून दिला, तर त्यालाही लोक विचारतात, काय रे, अक्का केलं का?

खरी गोष्ट निराळी होती. इथे एक बाई टाइपरायटर घेऊन बसायची. सगळे तिला अक्का म्हणायचे. तिचं मशीन आणि मगनचं मशीन शेजारी शेजारी. एकदा एका कागदावर मागची तारीख पडली आणि ती नेमकी रविवारची निघाली. कोर्टातले साहेब कागद घेऊन खाली आले. हा कुणी टाइप केला? अक्का उठली आणि म्हणाली, मी. तिला आवारातून कायमचं काढलं. तेव्हापासून हा शब्द पडला.

"कॅलेंडर तरी बघायचं ना बाईने," मगन म्हणाला.

"परत नाही आली?"

"कोणत्या तोंडाने येईल?"

मग तो कामाला लागला. नोटरीचे वकीलसाहेब मागच्या तारखेसाठी नोंदवहीत एखादी ओळ कोरी ठेवतातच, आबांनी काळजी करू नये, असं त्याने सांगितलं. बापाचं नाव झालं, पोरीचं झालं. कोणती तारीख टाकू, त्याने विचारलं.

"आजची टाका."

मगनची बोटं थांबली. आजची टाकली तर कागद असून नसून सारखा, पोरीची जागा जाईल, हे त्याने समजावून सांगितलं. पितांबरने मान हलवली. ते त्याला कळत होतं. घरी जाऊन पोरीला काय सांगायचं, ते कळत नव्हतं.

"तुमची मर्जी. पोरीच्या आईचं नाव?"

"लिलाबाई. मयत लिहा."

मगनने 'लि' उमटवला आणि मान वर केली. इतक्या वेळात पहिल्यांदाच त्याने समोरच्या माणसाकडे नीट पाहिलं.

पितांबर उठून उभा राहिला.

"मी तिला कितीदा म्हटलं, जा, तो कागद कुणी टाइप केला ते खरं सांगून ये. ती म्हने, नको, मगननी पोर न्हानी शे."