अठ्ठ्याहत्तर किलो

"वजन?" शिगेनोने वहीतून मान वर न करता विचारलं. खोल, भुसभुशीत बर्फावर तरंगणारा स्नोबोर्ड बेतायचा, तर लांबीसकट सगळं चालवणाऱ्याच्या वजनावर ठरतं.

"अठ्ठ्याहत्तर," काजीवारा म्हणाला. मागचा अख्खा हिवाळा त्याने इस्पितळाच्या खिडकीतून डोंगराकडे बघत काढला होता. अंगातला कोट खुंटीला टांगल्यासारखा लोंबत होता.

शिगेनोने दोन ठोकळ्यांवर ठेवलेल्या फळीकडे बोट दाखवलं. "चढ." दर वेळी काजीवाराखाली ती फळी जमिनीला टेकायची. आज जेमतेम वाकली.

"फळी कडक झालीय तुझी."

"म्हातारी झालीय. तुझ्यासारखीच हट्टी." शिगेनोने वहीत लिहिलं, अठ्ठ्याहत्तर.

डिसेंबरात फुरानोला पहिला मोठा बर्फ पडला, तसा काजीवारा धापा टाकत शिगेनोच्या दुकानाची पायरी चढला. भिंतीशी दोन नवे बोर्ड उभे होते. दोन्ही रुंद नाकाचे, दुभंगलेल्या शेपटीचे. एक दुसऱ्याहून वीतभर आखूड.

"मी एकच सांगितला होता."

"तो लांबडा तुझा." शिगेनोने आखूड बोर्ड उचलून त्याच्या हातात दिला. "हा उसना. अठ्ठ्याहत्तर भरलास की परत आणून दे."