गोदूची फिल्म

स्नेहाने गोदूच्या डीएनए तपासणीची फिल्म तिसऱ्यांदा उजेडाला धरली. पट्टा एकच होता. दोन हवे होते.

शेजारच्या रांगेत तिने ताळ्यासाठी स्वतःच्या रक्ताचा नमुना लावला होता. तिथे दोन्ही पट्टे ठसठशीत उमटले होते, म्हणजे डीएनए कापणारं एन्झाइम बिघडलेलं नव्हतं. नळ्यांची अदलाबदलही नव्हती. चिरनेरच्या शिबिरातून आलेल्या पहिल्या नमुन्यावर तिचा भरवसा बसला नाही, म्हणून तिने पोराला पनवेलच्या प्रयोगशाळेत बोलावून आपल्या हाताने रक्त काढलं होतं. पुन्हा तेच.

शिबिराच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं : गोदू, वय तीन, मुलगी. अजून बोलत नाही. मामा मतिमंद. आधीचे दोन मुलगे तान्हेपणीच गेले.

बाहेरच्या बाकावर आई बसली होती, चंद्रावती. मांडीवर पोर पेरू कुरतडत होतं. लाल फ्रॉक, दोन वेण्या, नाकात चमकी. हातच्या काकणाला आरसा कशाला!

असलं सांगायचं काम डॉक्टरांचं. पण डॉक्टर नेमके आजच पुण्याला गेले होते. अशा दिवशी ते नेमके कुठेतरी जातच. स्नेहाने दोघांना आत बोलावलं.

"माज्या भावावानी निंगालं का, मॅडम? काशिरामवानी?"

"नाही. तो आजार नाही."

चंद्रावतीने डोळे मिटले, उघडले. "मंग तुमचं तोंड का उतरलंय?"

लपवण्यात अर्थ नव्हता. स्नेहाने तिच्या मनगटावरच्या गोंदणावर बोट ठेवलं.

"आमचं एन्झाइम म्हणजे कात्री समजा. डीएनएच्या धाग्यावर ठरावीक अक्षरं दिसली की ती तिथे कापते. पण त्या अक्षरावर असा गोंदणाचा ठिपका असला, तर कापत नाही. अक्षर तेच, तरी सोडून देते. काशिरामचा धागा तपासला असता, तर ठिपक्यांमुळे तो कापलाच गेला नसता."

"आनि गोदूचा?"

"मुलीला असे दोन धागे असतात. एक आईचा, एक बापाचा. त्यातला एक शरीर ठिपके देऊन झोपवून ठेवतं. म्हणून अर्धं कापलं जातं, अर्धं राहतं. दोन पट्टे दिसतात. हिचं सगळंच कापलं गेलंय. ठिपक्यांचा, दुसरा धागाच नाही."

"म्हंजे वाईट?"

"उंची खुंटते. पुढे मूलबाळ होणं कठीण." स्नेहाने घाईने जोडलं. "अजून एक तपासणी करू. पण दोनदा हेच आलंय."

चंद्रावती रडली नाही. पोराच्या हनुवटीवरचं पेरूचं बी तिने पदराने पुसलं. मग हळूच विचारलं, "पोरग्यांचं कसं आसतं, मॅडम?"

"मुलांना हा धागा एकच, आईकडून आलेला. झोपवायला दुसरा नसतोच. निरोगी मुलाचं सगळं कापलं जातं, एकच पट्टा उमटतो." स्नेहाने फिल्म टेबलावर ठेवली. "मुलाची असती, तर हीच फिल्म मी नाचत आणून दिली असती."

"परत सांगा."

स्नेहाने परत सांगितलं. बाईला दुःखाने ऐकू येईनासं झालं असावं, असं तिला वाटलं.

"आनि त्यो बोलला आसता?"

"काशिरामच्या आजारामुळे तरी अडला नसता. काही मुलं उशिरा बोलतात. बोलला असता, ताई."

चंद्रावती उठली. दाराबाहेर डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. दार लावलं, कडी घातली. ती परत आली. पोराचे दोन्ही कान तिने तळव्यांनी झाकले आणि स्नेहाच्या कानाशी वाकली.

"बाय, पाच वर्सं कुनाजवल बोलायचं नाय, असा नवस हाय. आधीचे दोन गेले, म्हून याला गोदू म्हनते. पोरगा हाय माजा."