लिफ्ट साइटबाहेर

कोकापेटच्या बांधकामाच्या साइटवर मशीन आलं की मोबाइलवर नोंदवायचं आणि गेलं की ‘साइटबाहेर’ दाबायचं, हेच माझं काम. त्या दुपारी मजुरांच्या लिफ्टमधून एकटाच वर जात होतो. काँक्रीटचा पंप परत गेला होता, पण घाईत ‘साइटबाहेर’ दाबताना माझं बोट पंपाऐवजी लिफ्टच्या नावावर पडलं.

लिफ्ट दोन मजल्यांच्या मधोमध थांबली.

मी खाली स्टोअरला फोन लावला. “नागमणी, लिफ्ट अडकलीय. कुणाला तरी पाठव.”

“कुठली लिफ्ट, यादगिरी अण्णा? उन्हात डोकं तापलं का?”

“अगं, मी आत आहे! बाहेर येऊन बघ तरी.”

पुलिहोऱ्याचा, म्हणजे चिंचेच्या भाताचा, डबा हातात घेऊनच ती आली आणि बरोबर माझ्याखाली उभी राहिली. लिफ्टचा लोखंडी खांब तिथेच रोवलेला होता. आता तिथे नुसती माती होती.

“ती तर मघाशी ट्रकवर चढवून नेली,” ती फोनवरच म्हणाली.

मी लिफ्ट पुन्हा नोंदवायला घेतली. मोबाइलने नेहमीप्रमाणे मशीनवरच्या पाटीचा फोटो मागितला. पाटी दाराला बाहेरून ठोकलेली होती. दार उघडेना, जाळीतून हात जाईना.

तेवढ्यात नागमणीच्या मागे पिवळं हेल्मेट घातलेला एक माणूस येऊन उभा राहिला. तिने वळून पाहिलं आणि तिचं हसू मावळलं.

“अण्णा, तुम्ही इथे? मग फोनवर कोण?”

त्याने मान वर केली. त्याची नजर थेट माझ्या नजरेला भिडली.

“वर कुणी नाही,” तो माझ्याच आवाजात म्हणाला. “ठेव फोन.”