दारामागचा हात

“सांगून ठेवतो, ह्याच्यावर कोनी इस्वास ठेवनार नाय!” पनवेलच्या कोळीवाड्यात घराच्या ओट्यावर बसून काशीरामनं मांडीवर थाप मारली. ऐकणारे चारजण सरसावून बसले.

मुंबईच्या स्टुडिओत चौदा वर्षं त्याचं काम एकच होतं. सेटवरच्या खोट्या दारामागं उभं राहायचं आणि खूण मिळाली की ते वाजवायचं. टक टक, मध्ये एक श्वास, मग टक. हिरॉइन दचकायची ती काशीरामच्या बोटांना. पुढं धंदा बसला, स्टुडिओ मोडला. मालकानं तिथं मिरचीचं गोदाम केलं आणि काशीरामला ‘जा’ म्हणायचीही तसदी घेतली नाही. तेव्हा संतापून त्यानं ते दारच उचलून गावी आणलं.

“परसात भिंतीला टेकवून ठेवलंय. मागं खोली नाय, मानूस नाय, तरी रोज दुपारी वाजतं. हात माजाच, वळखतो मी! वरडतो त्याच्यावर, मेल्या, आपलं काम गेलं! त्या हरामखोरानं मिरच्या भरल्या तिथं! आता कोनासाठी वाजवतोस?”

सगळे खो खो हसले.

तेवढ्यात परसातून आवाज आला. टक टक. एक श्वास. टक.

हसणं थांबलं. काशीरामचे दोन्ही हात मांडीवरच होते.

त्याची भाची मैना हळूच उठून उभी राहिली.

“मामा, खोटं का बोललात? ते दार तुमीच रागानं शिमग्याच्या होळीत टाकलंत. मी सोता जळताना पायलंय.”