रिकामा पट्टा

गादीवाल्याने सायकलपट्ट्याच्या मधोमध उभं राहून मोबाइल आडवा धरला.

"बघा, चिटपाखरू नाही! आणि शेजारी मोटारी कशा गोगलगायीसारख्या सरकतायत!"

वेळ त्याने मुद्दाम दुपारची निवडली होती. सकाळ-संध्याकाळ पोरापोरींच्या सायकलींची रीघ लागते, ते त्याला चित्रात नको होतं. पट्टा ठेवायचा की उखडायचा, हे आज संध्याकाळी पालिकेच्या सुनावणीत ठरणार होतं. पट्टा आला आणि दुकानासमोर मोटार उभी करणं बंद झालं. गिऱ्हाईक रोडावलं. "डबल बेडची गादी काय डोक्यावर नेणार?" हा सवाल तो भेटेल त्याला विचारायचा.

इतक्यात घंटी वाजली. एक सायकल नागमोडी वळणं घेत थेट त्याच्याच अंगावर येत होती.

"अहो, सरका! मला अजून ब्रेक जमत नाही!"

त्याची बायको. सायकल सुनेची, हेल्मेटही सुनेचं. रोज दुपारी ती बहिणीकडे जायची, निदान सांगायची तरी तसं.

त्याने चटकन मोबाइल तसाच खिशात टाकला आणि हँडल धरलं. ती घामाघूम झाली होती. लाजतही होती.

लग्नाच्या वर्षी तिने सायकल शिकवा म्हणून हट्ट धरला होता. "रस्ता जरा मोकळा होऊ दे, मग शिकवतो," तो म्हणाला होता. रस्ता कधी मोकळा झाला नाही. तिनेही पुन्हा विषय काढला नाही.

"तुम्ही काय करताय इथे उन्हात?"

"काही नाही. तू बस. चाकाकडे बघू नकोस, समोर बघ," म्हणत त्याने मागचं कॅरिअर पकडलं.

संध्याकाळी तो सुनावणीत उभा राहिला. "पट्टा राहू द्या. फक्त माल चढवायला दुकानापाशी एका गाडीपुरती जागा आखून द्या."

अभियंता बाईंनी नकाशावर पेन्सिल फिरवली. पट्टा तिथे थोडा आत वळवला की काम होत होतं.

"काका, कालपर्यंत तर पट्टा उखडायला निघाला होतात! मग पुरावा म्हणून नोंदवलेला हा व्हिडिओ कशाचा?"

त्याने बटण दाबलं. पडद्यावर रिकामा पट्टा दिसला, घंटी वाजली आणि मग नुसता खिशातला अंधार. ऐकू येत होती ती फक्त त्याची धाप, आणि बरंच लांबून तिचा आवाज, "अहो, धरलंय ना नीट?"

मग अगदी जवळून त्याचा, "केव्हाच सोडलंय गं!"