निरोगी वर्ग

टाना सरोवराकाठच्या शाळेत तिसरीच्या मुलांची शी डब्यांतून तपासायला नेली. एकाच्याही पोटात जंत निघाले नाहीत, म्हणून वर्गाला औषध मिळालंच नाही. महिन्याभरात त्याच वर्गातल्या बिर्तुकानला उलटीतून जंत पडले. तिची आई अस्नाकेच तिला घेऊन तडक मुख्याध्यापकांकडे गेली.

"गुरुजी, पोरीला औषध द्या."

"अख्खा वर्ग निरोगी आहे, बाई. घाण तुमच्या घरात आहे! न धुतलेल्या हातांनी इंजेरा भरवत असाल."

"माझ्या घराचं नाव काढू नका! तो अहवाल घाला चुलीत!"

मुख्याध्यापकांनी दाराकडे बोट दाखवलं. तेव्हा बिर्तुकान रडत रडत म्हणाली,



"गुरुजी, त्या दिवशी आम्हाला कुणालाच होत नव्हती. सगळ्यांच्या डब्यांत तुमच्याच मुलीची होती."